अमेरिकेत सायकिॲट्रिक नर्स प्रॅक्टिशनर व्हायचंय? मराठी नर्सेसचे नेहमीचे प्रश्न

महाराष्ट्रात नर्सिंग शिकलेल्या आणि लग्नामुळे किंवा नोकरीमुळे अमेरिकेत आलेल्या मुली मला हे प्रश्न सतत विचारतात. हल्ली ठाण्या-पुण्यात बसून इकडची तयारी करणारेही विचारू लागले आहेत. मी याच कामात आहे, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढलं. माझं एक ठाम मत आहे आणि ते उत्तरांमध्ये जागोजागी दिसेल: या क्षेत्रात सगळ्यात मोलाचे असतात ते जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पेशंटसमोर बसून काढलेले तास. कॉलेज निवडताना, नोकरी धरताना, राज्य ठरवताना तोच हिशेब आधी मांडा.

पीएमएचएनपी म्हणजे नेमकं कोण?

सायकिॲट्रिक मेंटल हेल्थ नर्स प्रॅक्टिशनर. आधी रजिस्टर्ड नर्स, मग मास्टर्स किंवा डॉक्टरेट पातळीचं शिक्षण, मग राष्ट्रीय परीक्षा आणि शेवटी राज्याचं वेगळं लायसन्स, एवढे टप्पे पार केल्यावर ही पदवी नावापुढे लागते. पेशंटची पूर्ण मानसिक तपासणी, निदान, औषधं लिहून देणं, रक्ताच्या तपासण्या सांगणं, मानसोपचार, गरज पडल्यास हॉस्पिटलात दाखल करण्याची प्रक्रिया सुरू करणं, हे सगळं या कामात येतं. सध्याचं सर्टिफिकेट लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्व वयांसाठी असतं.

नर्स प्रॅक्टिशनर ही भूमिका १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी मुलांच्या आरोग्यासाठी सुरू केली. मनोविकारांच्या नर्सिंगमधलं उच्च शिक्षण त्याही आधीचं. हिल्डेगार्ड पेपलाऊ यांनी १९५०च्या दशकात रटगर्स विद्यापीठात या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा केला. नर्स आणि पेशंट यांच्यातलं नातं हेच उपचाराचं साधन आहे, ही त्यांची मांडणी. आज आपण औषधं लिहितो, पण या कामाचा पाया अजूनही तोच आहे.

सायकिॲट्रिस्ट आणि आपल्यात फरक काय? आणि सायकॉलॉजिस्ट?

सायकिॲट्रिस्ट हा डॉक्टर. मेडिकल स्कूलची चार वर्षं आणि त्यानंतर चार वर्षांची रेसिडेन्सी. त्यांचं प्रशिक्षण आपल्यापेक्षा कितीतरी जास्त तासांचं असतं, हे मनात स्पष्ट असू द्या. मेंदूचा आजार आणि मनाचा आजार एकमेकांत मिसळलेले असतात, तेव्हा ते तास कामाला येतात. सायकॉलॉजिस्ट मानसोपचार आणि चाचण्या करतात. बहुतेक राज्यांत त्यांना औषधं लिहिता येत नाहीत. आपण या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहोत, पण आपली नजर नर्सची असते: झोप, जेवण, औषध खरंच पोटात जातंय का, घरी कोण आहे, गोळ्यांचे पैसे कोण भरतंय.

रोजचं काम कसं असतं?

बाह्यरुग्ण क्लिनिकात नवीन पेशंटला साधारण तासभर ते दीड तास मिळतो, जुन्या पेशंटला पंधरा ते तीस मिनिटं. नवीन पेशंटचा पूर्वेतिहास, घराण्यातले आजार, दारू-गांजा, आत्महत्येचे विचार, आधी घेतलेली औषधं, थायरॉइड, झोप. बरेच जण येण्यापूर्वी पीएचक्यू-९ नावाची नैराश्याची प्रश्नावली भरून आणतात. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे शून्याऐवजी एक जरी आकडा असेल, तरी बाकीचा कार्यक्रम बाजूला ठेवून त्यावर बोलावं लागतं.

एक अगदी नेहमीचा प्रसंग सांगते. बायपोलर (मूड कधी फार वर, कधी फार खाली जाण्याचा आजार) असलेला पेशंट लॅमोट्रिजीन या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या २०० मिलिग्रॅमवर छान स्थिर आहे. विमा बदलला, फार्मसीने औषध अडवलं, आठवडाभर गोळी बंद राहिली. आता विमा सुरळीत झालाय आणि त्याचा मेसेज येतो: "उद्यापासून परत चालू करू ना?" वरवर उत्तर सोपं वाटतं. पण पाच-सहा दिवसांहून जास्त खंड पडला की एकदम २०० देता येत नाही. पुन्हा २५पासून चढत जावं लागतं, कारण डोस झपाट्याने वाढवला तर अंगावर जीवघेणं पुरळ उठण्याचा धोका असतो. म्हणजे त्याला चढत चढत पुन्हा त्या डोसवर यायला महिना-दीड महिना लागणार. तेवढे आठवडे मूड कसा सांभाळायचा, घरातल्या कुणाला लक्ष ठेवायला सांगायचं, ऑफिसात काय सांगायचं, हे त्याच फोनवर ठरवावं लागतं. आपल्या कामाचा मोठा भाग असा असतो. लिथियम घेणाऱ्याची रक्तातली पातळी आणि किडनी, क्लोझापीनवाल्याच्या पांढऱ्या पेशी, अँटीसायकोटिकवाल्याचं वजन आणि साखर. ज्यांना हा पाठपुरावा कंटाळवाणा वाटतो त्यांनी हे क्षेत्र निवडू नये, असं मी स्पष्ट सांगते.

दिवसाचा राहिलेला भाग नोट्स लिहिण्यात आणि विमा कंपन्यांकडून औषधाची पूर्वपरवानगी मिळवण्यात जातो. हे कुणी आधी सांगत नाही.

मी महाराष्ट्रात जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलंय. या वाटेला लागता येईल का?

येईल, पण टप्पे जास्त. जीएनएमवर रजिस्टर्ड नर्सच्या लायसन्ससाठी अर्ज करता येतो. त्यासाठी तुमच्या शिक्षणात मेडिकल, सर्जिकल, प्रसूती, बालरोग आणि मनोविकार या सगळ्या विषयांचे थिअरीचे आणि प्रत्यक्ष कामाचे तास दिसायला हवेत. ठाण्याच्या किंवा येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जे पोस्टिंग झालं होतं, त्याचे तास इथे मोजले जातात. ट्रान्सक्रिप्टवर ते नीट लिहिलेले आहेत ना, हे कॉलेजातून आधी तपासून घ्या. तास कमी दिसले तर राज्याचं बोर्ड तो विषय पुन्हा करायला लावतं.

मास्टर्सला मात्र बहुतेक ठिकाणी नर्सिंगची बॅचलर पदवी लागते. भारतात असाल तर पोस्ट बेसिक बीएस्सी करून घ्या, अमेरिकेत आला असाल तर रजिस्टर्ड नर्सला बॅचलर पदवीपर्यंत (बीएसएन) नेणारा आरएन-टू-बीएसएन हा पूल आहे. बीएस्सी नर्सिंग झालेल्यांना हा टप्पा वगळता येतो.

रजिस्टर्ड नर्सचं लायसन्स कसं मिळतं?

राज्य निवडा, त्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे अर्ज करा, शिक्षणाचं मूल्यांकन करून घ्या. हे काम अनेक राज्यं सीजीएफएनएस या संस्थेमार्फत करून घेतात. या संस्थेने आता ट्रूमेरिट हे नाव घेतलंय. कॉलेजने ट्रान्सक्रिप्ट आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलने नोंदणीची पडताळणी थेट त्यांच्याकडे पाठवायची असते. तुम्ही स्वतः पाठवलेला कागद चालत नाही. सगळ्यात जास्त महिने इथेच जातात. गावी कुणी भाऊ, बहीण किंवा मैत्रीण असेल जी कॉलेजात दोन-चार खेपा घालू शकेल, तर आताच सांगून ठेवा.

त्यानंतर एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा. ती संगणकावर होते, ८५ ते १५० प्रश्न, जास्तीत जास्त पाच तास. प्रश्न तुमच्या उत्तरांनुसार सोपे-अवघड होत जातात. एप्रिल २०२३पासून नवं स्वरूप आलंय. त्यात एकाच पेशंटची केस देऊन त्यावर ओळीने प्रश्न येतात. परीक्षा मुंबईतही देता येते. पाठांतर करून ही परीक्षा सुटत नाही. आपल्याकडच्या चांगल्या हुशार मुली पहिल्यांदा इथेच अडकतात, कारण "आधी काय कराल?" या प्रश्नाला चारही उत्तरं बरोबर वाटतात.

मी एच-४ व्हिसावर आहे. शिकता येईल का? काम?

एच-४ म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा. त्यावर शिकायला परवानगी आहे. काम करायला मात्र वर्क परमिट लागतं, आणि ते नवऱ्याची किंवा बायकोची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचली असेल तरच मिळतं. साधारणपणे त्यांचा आय-१४०, म्हणजे कंपनीने त्यांच्या ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज, मंजूर झालेला लागतो. ही सोय २०१५पासून आहे. अडचण अशी येते, की काही राज्यं सोशल सिक्युरिटी नंबरशिवाय लायसन्स देत नाहीत, आणि वर्क परमिट नसेल तर तो नंबर मिळत नाही. म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या राज्याच्या बोर्डाला हा एकच प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

भारतातून थेट येणाऱ्यांसाठी चित्र कठीण आहे. साध्या रजिस्टर्ड नर्सच्या नोकरीवर एच-१बी सहसा मिळत नाही. नर्स प्रॅक्टिशनरला मास्टर्स लागते, म्हणून ती भूमिका त्यात बसते. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डची भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. नोकरीच्या व्हिसासाठी नर्सेसना व्हिसास्क्रीन नावाचं प्रमाणपत्र आणि इंग्रजीची परीक्षा लागते. नियम एका रात्रीत बदलतात: सप्टेंबर २०२५मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. व्हिसाच्या प्रश्नावर माझ्यासारख्या नर्सचं ऐकू नका, इमिग्रेशन वकिलाची एक तासाची फी भरा.

मी भारतात मेंटल हेल्थ नर्सिंगमध्ये एमएस्सी केलंय. परत शिकावं लागेल?

हो. परीक्षेला बसण्यासाठी अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त पीएमएचएनपी अभ्यासक्रमातूनच उत्तीर्ण व्हावं लागतं. मला माहीत आहे, हे ऐकून जिवाला लागतं. दोन वर्षं शिकून, प्रबंध लिहून, वॉर्डात विद्यार्थिनींना शिकवून आलेल्या बाईला पुन्हा पहिल्या सत्रात बसायला सांगायचं. पण भारतातला तो अभ्यासक्रम निदान आणि औषधं लिहिण्यासाठी आखलेला नाही, हेही खरं. तुमचं ज्ञान वाया जात नाही. मानसिक स्थितीची तपासणी कशी करायची, पेशंट आक्रमक झाला तर कुठे उभं राहायचं, कुटुंबाशी कसं बोलायचं, यात तुम्ही वर्गातल्या इतरांच्या बऱ्याच पुढे असता.

अभ्यासक्रमात काय असतं?

पॅथोफिजिऑलॉजी, शारीरिक तपासणी आणि फार्माकॉलॉजी हे तीन मूळ विषय, तिन्ही प्रगत पातळीचे. इकडे त्यांना 'थ्री पीज' म्हणतात. त्यावर सायकोफार्माकॉलॉजी, निदान, मुलांचे आणि वृद्धांचे मनोविकार, आणि किमान दोन प्रकारच्या मानसोपचारांचं प्रशिक्षण. मास्टर्सला अर्धवेळ शिकून साधारण अडीच-तीन वर्षं, डीएनपी ही डॉक्टरेट करायची तर बीएसएननंतर तीन-चार वर्षं. आधीच फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर असाल तर फक्त पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेट पुरतं. डीएनपी करावी का, हा प्रश्न फार जण विचारतात. पेशंट बघायचे असतील तर मास्टर्सवर काम चालतं. शिकवायचं किंवा प्रशासनात जायचं असेल तर डीएनपीचा विचार करा.

चांगलं कॉलेज कसं ओळखायचं?

या एका उत्तरासाठी हे सगळं लिहायला घेतलं असं म्हटलं तरी चालेल.

नर्सिंग अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या सीसीएनई, एसीईएन किंवा सीएनईए या संस्थांपैकी एकीची मान्यता आहे का, हे आधी बघा. नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, म्हणजे विषय संपला. मान्यता असेल तर प्रवेश विभागाला फोन करून विचारा: "माझी क्लिनिकल प्लेसमेंट तुम्ही शोधून देता की मी शोधायची?"

बऱ्याच ऑनलाइन अभ्यासक्रमांत ती जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकलेली असते. मग मुलगी नोकरी, लेकरं आणि अभ्यास सांभाळून रात्री बसून अनोळखी क्लिनिकांना ईमेल पाठवते: मला तुमच्याकडे शिकू द्याल का? पन्नास जणांना लिहिलं तर दोघं उत्तर देतात. प्रीसेप्टर, म्हणजे आपल्या देखरेखीखाली काम शिकवणारा अनुभवी माणूस, मिळाला नाही तर सत्र पुढे ढकललं जातं, फी पुन्हा भरावी लागते. काही जणी शेवटी पैसे देऊन प्रीसेप्टर मिळवतात. ज्यांचा गोतावळा इथे नाही, अशा परदेशातून आलेल्या नर्सेसना याचा सगळ्यात जास्त फटका बसतो. त्यात जो प्रीसेप्टर मिळेल तो शिकवणारा असेलच असं नाही. कोपऱ्यात बसवून तास भरवून देणारेही असतात. याची मला मनापासून चीड आहे, कारण याची किंमत पुढे पेशंट मोजतात.

तासांचं गणितही समजून घ्या. राष्ट्रीय परीक्षा घेणाऱ्या एएनसीसी या संस्थेच्या परीक्षेसाठी किमान ५०० पर्यवेक्षित क्लिनिकल तास लागतात. २०२२च्या राष्ट्रीय मानकांनी नर्स प्रॅक्टिशनरच्या सगळ्या अभ्यासक्रमांना किमान ७५० तास सुचवले. जास्त तास देणारं कॉलेज निवडा. त्यातही आंतररुग्ण विभाग, मुलं, व्यसनमुक्ती आणि वृद्ध असे चारही अनुभव मिळतात का ते बघा. फक्त एकाच टेलिहेल्थ (व्हिडिओवर पेशंट बघणाऱ्या) क्लिनिकात सगळे तास पूर्ण करून बाहेर पडलेल्या व्यक्तीने तीव्र मेनियातला (बायपोलरमधल्या टोकाच्या उत्तेजित अवस्थेतला) पेशंट समोरासमोर पाहिलेलाच नसतो. पास झाल्यावर तो पहिल्यांदा दिसला, तर तेव्हा शेजारी कुणी नसतं.

आणि त्या कॉलेजात शिकलेल्या दोघींशी तरी बोला. वेबसाइटवर छापलेल्या नावांशी बोलून उपयोग नाही, तुम्ही स्वतः शोधलेल्यांशी बोला.

सायकिॲट्रीच्या वॉर्डात आधी काम करायलाच हवं का?

बरीच कॉलेजं आता ती अट घालत नाहीत. माझा सल्ला: किमान एक-दोन वर्षं करा. नर्स म्हणून बारा तास त्याच पेशंटसोबत असल्यावर जे दिसतं, ते पंधरा मिनिटांच्या भेटीत कधीच दिसत नाही. सकाळी डॉक्टरांसमोर "बरं आहे" म्हणणारा माणूस रात्री तीन वाजता कॉरिडॉरमध्ये येरझारा घालत असतो. औषधाने मान वाकडी होते, जीभ जड होते, पाय स्वस्थ बसू देत नाहीत, हे पुस्तकात वाचलेलं एकदा डोळ्यांनी पाहिलं की डोस लिहिताना हात आपोआप जपून चालतो.

मी नर्स नाही, सायकॉलॉजीत एमए केलंय. मला हे करता येईल?

आधी नर्स व्हावं लागेल. दुसऱ्या विषयातली पदवी असलेल्यांसाठी बारा ते अठरा महिन्यांचा प्रवेगक बीएसएन असतो, किंवा थेट मास्टर्सपर्यंत नेणारे डायरेक्ट-एंट्री अभ्यासक्रम असतात. पण मुळात समुपदेशन किंवा मानसोपचार करायची ओढ असेल तर लायसन्स्ड काउन्सिलर किंवा क्लिनिकल सोशल वर्करची वाट जवळची आहे. या कामात दिवसाचा बराच वेळ औषधांवर जातो.

परीक्षा आणि सर्टिफिकेटचं काय?

एएनसीसीची परीक्षा सगळ्यात जुनी आणि सर्वत्र मान्य. ती पास झाल्यावर नावापुढे पीएमएचएनपी-बीसी लागतं. अलीकडे एएएनपीसीबी ही दुसरी संस्थाही परीक्षा घेऊ लागली आहे. एएनसीसीचं सर्टिफिकेट दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी ७५ तास निरंतर शिक्षण, त्यात २५ तास औषधशास्त्राचे, शिवाय शिकवणं किंवा संशोधन अशा एखाद्या गोष्टीची नोंद.

सर्टिफिकेटनंतर राज्याचं प्रगत नर्सिंगचं लायसन्स, आणि नियंत्रित औषधं लिहायची असतील तर त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या डीईए या केंद्रीय संस्थेकडे नोंदणी. तिथे व्यसनांच्या उपचारांवरचं आठ तासांचं प्रशिक्षण एकदा पूर्ण करावं लागतं. ब्युप्रेनॉर्फिन लिहिण्यासाठी पूर्वी लागणारी वेगळी परवानगी डिसेंबर २०२२च्या कायद्याने रद्द झाली, त्यामुळे ओपिऑइडच्या (अफूसारख्या द्रव्यांच्या) व्यसनावर उपचार करणं आता आपल्याला बरंच सोपं झालंय.

राज्याराज्यांत इतका फरक का सांगतात?

कारण तो खरंच आहे, आणि पगाराइतकाच आयुष्यावर परिणाम करतो. काही राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणे काम करते: वॉशिंग्टन, ओरेगन, ॲरिझोना. न्यूयॉर्कमध्ये ३,६०० तासांच्या अनुभवानंतर डॉक्टरशी लेखी कराराची गरज २०२२पासून उरली नाही. कॅलिफोर्नियात २०२०च्या कायद्याने स्वातंत्र्य टप्प्याटप्प्याने मिळतं, आणि त्यासाठी अनेक वर्षांचा अनुभव लागतो.

टेक्ससचं उदाहरण घ्या, कारण डॅलस-ह्यूस्टनला आपली माणसं खूप आहेत. तिथे औषधं लिहायला डॉक्टरशी करार लागतोच. शिवाय शेड्यूल दोनमधली, म्हणजे कडक नियंत्रणाखालची, औषधं बाह्यरुग्ण क्लिनिकातून लिहिता येत नाहीत. मुलांच्या एडीएचडीसाठी (लक्ष न टिकण्याच्या, अतिचंचलपणाच्या विकारासाठी) सगळ्यात जास्त वापरलं जाणारं मिथाइलफेनिडेट त्याच वर्गात येतं. म्हणजे मुलांच्या क्लिनिकात बसलात तर निदान तुम्ही करणार आणि चिठ्ठीवर सही डॉक्टरची. करार करून देणारे काही डॉक्टर दरमहा पैसे घेतात. स्वतःचं क्लिनिक काढायचं स्वप्न असेल तर हा खर्च आधीच धरा.

केंद्र सरकारच्या व्हेटरन्स (माजी सैनिकांच्या) विभागात मात्र राज्य कुठलंही असो, नर्स प्रॅक्टिशनरला पूर्ण अधिकार आहेत. अपवाद नियंत्रित औषधांचा, तिथे राज्याचा नियम लागू होतो.

नोकऱ्या कुठे मिळतात?

खाजगी क्लिनिक, सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रं, हॉस्पिटलातले मनोविकार वॉर्ड आणि इमर्जन्सी, व्यसनमुक्ती केंद्रं, तुरुंग, वृद्धाश्रम, विद्यापीठांची आरोग्य केंद्रं, टेलिहेल्थ. गंभीर आजार असलेल्यांच्या घरी जाऊन उपचार करणारी एसीटी पथकंही असतात. ते काम अवघड, पण तिथे शिकायला मिळतं तितकं कुठेही मिळत नाही. डॉक्टरांची टंचाई असलेल्या ग्रामीण भागात मागणी सगळ्यात जास्त. अशा ठिकाणी काम केल्यास शैक्षणिक कर्ज फेडून देणारी नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरची योजना आहे, पण ती अमेरिकी नागरिकांसाठीच.

पगार किती?

अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागानुसार मे २०२३मध्ये सगळ्या प्रकारच्या नर्स प्रॅक्टिशनरचा मध्यम वार्षिक पगार १,२६,२६० डॉलर होता. रजिस्टर्ड नर्सचा ८६,०७०. हा विभाग मनोविकारांचा वेगळा आकडा देत नाही, पण या शाखेला सहसा सरासरीपेक्षा चांगलं मिळतं. २०२३ ते २०३३ या काळात नर्स प्रॅक्टिशनरच्या जागा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतील असा त्यांचा अंदाज आहे. तरीही मोठ्या शहरांत, विशेषतः टेलिहेल्थमध्ये, नवख्यांची गर्दी वाढली आहे. पास होताच घरबसल्या भरपूर पगार, अशा जाहिरातींवर विसंबून कर्ज काढू नका.

पहिली नोकरी धरताना काय बघावं?

पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला किती पेशंट, आणि अडलं तर कुणाला विचारायचं, हे दोन मुद्दे लेखी घ्या. "आमचे दार नेहमी उघडे आहे" याला अर्थ नाही. आठवड्यातून ठरलेला एक तास आणि त्या माणसाचं नाव हवं. जिथे हे मिळतं तिथे पगार दहा हजार डॉलरने कमी असला तरी जा.

मग बाकीचं: डब्ल्यू-२ (पगारी नोकरी) आहे की १०९९ (कंत्राटी काम), कारण १०९९मध्ये कर, विमा, सुट्ट्या सगळं तुमच्या अंगावर. पेशंट आला नाही तर पैसे मिळतात का. व्यावसायिक विमा क्लेम्स-मेड प्रकारचा (फक्त विमा चालू असताना आलेले दावे भरणारा) असेल तर नोकरी सोडल्यानंतर येणाऱ्या दाव्यांसाठीचं टेल कव्हर कोण भरणार. सोडल्यावर किती मैलांच्या आत काम करायला बंदी. करारावर सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवा.

मराठी येण्याचा कामात उपयोग होतो का?

खूप. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील, बाळंतपणानंतर एकटी पडलेली मुलगी, पहिल्या सत्रात कोसळलेला विद्यार्थी. आपले लोक सुरुवात शरीरापासून करतात: छातीत धडधडतं, डोकं जड झालंय, अन्न गोड लागत नाही. ते ऐकून घेतलं की बाकीचं हळूहळू बाहेर येतं.

ज्येष्ठांच्या औषधांची पिशवी मात्र स्वतः उघडून बघा. भारतातून आणलेल्या एकाच गोळीत एसिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकत्र असणं अगदी सर्रास आढळतं. अशी जोडगोळी अमेरिकेत मिळत नाही. कुटुंब म्हणतं, "ती डिप्रेशनची साधी गोळी आहे." वर्षानुवर्षं क्लोनाझेपाम चालू आहे हे कुणाच्या गावीही नसतं, आणि स्ट्रिप संपल्यावर एकदम बंद झालं तर झोप उडते, हात थरथरतात, क्वचित फिटही येते. इथला डॉक्टर ते नाव ओळखेलच असं नाही. तुम्ही ओळखता.

जिथे तुम्ही नसाल तिथे मुलाला किंवा सुनेला दुभाषी करू देऊ नका. सरकारी निधी घेणाऱ्या हॉस्पिटलला प्रशिक्षित दुभाषी मोफत द्यावा लागतो, फोनवर मराठी दुभाषीही मिळतो. सासूबाईंना मरणाचे विचार येतात का, हे सुनेच्या तोंडून विचारून खरं उत्तर येत नाही.

मंडळातल्या ओळखीच्यांना पेशंट म्हणून घ्यावं का?

नाही. गणपतीत ज्यांच्या शेजारी बसून आरती म्हणता, त्यांच्या घरातली गुपितं तुमच्या फाइलमध्ये नसावीत. त्यांना मोकळं बोलता येत नाही आणि तुम्हाला कठोर निर्णय घेता येत नाही. विश्वासातल्या सहकाऱ्याचा नंबर द्या. आपला समाज लहान आहे, म्हणून गोपनीयता दुप्पट जपावी लागते: कोण क्लिनिकात आलं होतं, हे नवऱ्यालाही सांगायचं नाही.

मनावर ताण येत नाही का?

येतो. यातला सगळ्यात जड भाग म्हणजे पेशंटची आत्महत्या, आणि पुरेशी वर्षं काम केलं तर ती बहुतेकांच्या वाट्याला येते. एकट्याने क्लिनिक चालवणाऱ्यांनी दर महिन्याला भेटणारा सहकाऱ्यांचा गट नक्की ठेवावा, आणि स्वतःसाठी थेरपिस्टही. आपण नर्सेस दुसऱ्यांच्या दुखण्याला धावतो आणि स्वतःचं अंगावर काढतो. कृपा करून असं करू नका.

भारतात परत गेले तर ही पदवी चालेल?

पीएमएचएनपी म्हणून स्वतंत्र भूमिका भारतात नाही आणि औषधं लिहिण्याचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांकडे आहे. भारतीय नर्सिंग परिषदेचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम अतिदक्षता विभागासाठी आहे, मनोविकारांसाठी अजून नाही. तरी मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ने मेंटल हेल्थ नर्सला मानसिक आरोग्य व्यावसायिकांमध्ये स्थान दिलंय. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांना, नर्सिंग कॉलेजांना आणि पुनर्वसन संस्थांना अशा अनुभवी माणसांची खरी गरज आहे. भारतातच राहून या क्षेत्रात यायचं असेल तर एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा किंवा दोन वर्षांचं एमएस्सी हे रीतसर मार्ग. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचं प्रशिक्षण अजूनही पहिल्या पसंतीचं.

गावाकडचे नातेवाईक फोनवर औषध विचारतात. सांगावं का?

सांगू नये. लायसन्स पेशंट ज्या जागी बसलाय तिथलं लागतं. टेक्ससच्या लायसन्सवर शेजारच्या ओक्लाहोमातला पेशंट बघता येत नाही, मग साताऱ्यातली मावशी तर दूरच. ऐकून घ्या, चालू गोळी अचानक बंद करू नका एवढं सांगा, आणि जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जिल्हा रुग्णालयात जायला लावा. रात्री-बेरात्री कुणी फार अस्वस्थ असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर द्या. तो सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.